कारखान्यातलं रसायनशास्त्र आणि महासंगणक: प्रश्न घेऊन जायचं म्हणजे नेमकं काय घेऊन जायचं?

मिश्रण

नमस्कार मंडळी. मी १४ वर्षं प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये आहे. फाइन केमिकल्स, सगळं बॅच पद्धतीचं. आमच्या संशोधन विभागाला आता एका महासंगणकावर वेळ मिळाला आहे, आणि प्रत्येक गटाला निरोप आलाय की आपापला प्रश्न घेऊन या. मी प्रश्न लिहायला बसलो आणि तासभर कोरा कागद समोर ठेवून बसून राहिलो. असल्या यंत्राला काय विचारायचं, हेच मला ठाऊक नाही.

माझ्याकडे सध्या दोन दुखणी आहेत. पहिलं द्रावकाचं. मागच्या एका प्रकल्पात योग्य द्रावक सापडायला सात महिने लागले. ४० द्रावक तपासले, त्यातले ३० तपासायचीही गरज नव्हती हे शेवटी कळलं. आता तसाच नवा प्रकल्प समोर आहे आणि मला पुन्हा सात महिने घालवायचे नाहीत.

दुसरं जास्त सलतंय. एका रेणूवर दोन अमीन (नायट्रोजनचे) गट आहेत. आम्हाला अ‍ॅसिलेशन एकावरच हवं आहे, म्हणजे नवा अ‍ॅसिल गट दोघांपैकी एकालाच जोडायचा आहे. दोन्हींवर झालं की जी अशुद्धी तयार होते ती स्फटिकीकरणात नीट धुतली जात नाही. ५०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ही अशुद्धी ०.६ टक्के येते. २००० लिटरच्या रिॲक्टरमध्ये तीच २.३ टक्के. कच्चा माल तोच, तापमान तेच, घालायचा वेळही तोच. उत्प्रेरक बदलून पाहावा का, असा विचार चालला आहे.

यातलं महासंगणकाचं काम कोणतं? आणि कोणतं नाही? ज्यांनी प्रत्यक्ष हे केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

इलेक्ट्रॉनघनता

मिश्रण, चांगला धागा काढलात. मी गेली नऊ वर्षं उद्योगातच संगणकीय रसायनशास्त्र करते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

आधी हे यंत्र करतं काय ते सांगते. रसायनशास्त्राचे मूळ नियम आपल्याला माहीत आहेत, अडचण एवढीच की त्यांतून निघणारी समीकरणं सोडवण्यापलीकडची गुंतागुंतीची आहेत, हे डिरॅकने १९२९ मध्येच म्हणून ठेवलं होतं. एका रेणूतले सगळे इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असतात. प्रत्येकाचा हिशेब बाकी सगळ्यांच्या हिशेबावर अवलंबून. म्हणून आपण अंदाजी पद्धती वापरतो आणि प्रत्येक पद्धतीची एक किंमत असते.

सर्वांत चालणारी पद्धत म्हणजे डीएफटी (डेन्सिटी फंक्शनल थिअरी). १९६४-६५ मध्ये कोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाया घातला. प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या मागे धावण्याऐवजी इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर काम करायचं. १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल कोन आणि पोपल यांना मिळालं ते याच क्षेत्रासाठी. साध्या डीएफटीत रेणू दुप्पट मोठा झाला की गणित साधारण आठपट वाढतं. त्याहून अचूक अशी कपल्ड क्लस्टर पद्धत आहे. तिच्या नेहमी वापरल्या जाणाऱ्या रूपात रेणू दुप्पट केला की गणित १२८ पट होतं.

म्हणजे तुम्हाला आधीच्या हजारपट ताकदीचं यंत्र दिलं, तरी कपल्ड क्लस्टरने तुम्ही जेमतेम पावणेतीनपट मोठा रेणू हाताळू शकाल. हजारपट यंत्र, पावणेतीनपट रेणू. "मोठं यंत्र आलं, आता सगळं सुटणार" असं कुणी म्हणालं की मी हा आकडा सांगते.

मग उद्योगाला फायदा कुठून होतो? एक राक्षसी गणित करण्यातून क्वचितच. तो होतो हजारो मध्यम गणितं एकाच वेळी करण्यातून. तुमच्या रेणूत मोकळेपणी फिरणारे आठ बंध असतील आणि प्रत्येकाला तीन पसंतीच्या स्थिती असतील, तर ६,५६१ आकार तपासायचे झाले. ही गणितं एकमेकांवर अवलंबून नाहीत. साध्या संगणकावर हे महिन्याचं काम आहे, महासंगणकावर रात्रीचं.

तुमच्या द्रावकाच्या प्रश्नाला मात्र महासंगणक लागतच नाही. आंद्रेआस क्लाम्ट यांनी बायरमध्ये असताना कॉस्मो-आरएस ही पद्धत काढली, १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. रेणू एका आदर्श विद्युतवाहक माध्यमात ठेवला आहे असं मानून त्याच्या पृष्ठभागावर कुठे किती विद्युतभार उमटतो ते एकदाच काढायचं. मग कोणत्या द्रावकाच्या पृष्ठभागाशी त्याचं जमेल, हा सगळा संख्याशास्त्राचा मामला. एकदा तो पृष्ठभाग हातात आला की एकेका द्रावकाला काही सेकंद पुरतात. चांगल्या वर्कस्टेशनवर एका रात्रीत शेकडो द्रावकांची क्रमवारी निघते. क्रमवारी म्हणतेय. विद्राव्यतेचा प्रत्यक्ष आकडा बराच चुकू शकतो, पण तळातले ३० कोणते हे बहुतेक वेळा बरोबर येतं. तुमचे सात महिने त्या ३० मध्येच गेले होते ना?

---

जुनी_भट्टी

मी ३१ वर्षं प्लांटवर काढली, आता निवृत्त आहे. ताईंनी छान समजावलं, पण दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

अमोनियाचा उत्प्रेरक आठवा. बीएएसएफमध्ये आल्विन मिटाश आणि त्याच्या माणसांनी १९१२ पर्यंत सुमारे अडीच हजार मिश्रणं साडेसहा हजार चाचण्यांत तपासली. छोट्या छोट्या नळ्या, उच्च दाब, एकामागून एक. आणि बातमी कुठून आली? स्वीडनमधल्या एका खनिज मॅग्नेटाइटच्या नमुन्यातून. शुद्ध लोखंड नीट चालेना, हे मातीतून आलेलं लोखंड मात्र चाललं. का? तर त्यात मिसळलेल्या भेसळीमुळे. त्यावरून त्यांना सुचलं की ॲल्युमिना, पोटॅशियम, कॅल्शियम असं मुद्दाम मिसळून पाहावं. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. आजही त्याच घराण्यातला उत्प्रेरक वापरतात.

माझं म्हणणं एवढंच. त्या वेळी महासंगणक असता तर त्याने शुद्ध लोखंडाचं गणित केलं असतं. भेसळीचा विचार कुणी त्याला घातला असता?

मिश्रण, तुम्हाला एक साधा प्रश्न. अ‍ॅसिल क्लोराइड, म्हणजे तो गट देणारं रसायन, रिॲक्टरमध्ये पडतं कुठे? वरच्या नोझलमधून टपटप पृष्ठभागावर, की डिप पाइपने आत? ढवळणीचा वेग किती? हे न सांगता उत्प्रेरक बदलायला निघालात, हे मला पटलं नाही.

---

इलेक्ट्रॉनघनता

काका, मिटाशचं उदाहरण फार योग्य आहे आणि मी त्याला उलटून टाकणार नाही. भेसळीचा विचार माणसालाच सुचावा लागतो. पण गोष्ट तिथे थांबत नाही.

लोखंडाच्या पृष्ठभागावर नेमकं काय घडतं हे गेरहार्ड एर्टल यांनी प्रयोगांतून उलगडलं, त्यासाठी त्यांना २००७ चं नोबेल मिळालं. नायट्रोजनचा रेणू पृष्ठभागावर तुटणं हीच सर्वांत मंद पायरी. एकदा हे कळलं की गणिताला धरायला दोरी मिळते. नायट्रोजनला धातू किती घट्ट धरतो हा एकच आकडा बरंच काही सांगतो. मॉलिब्डेनम फार घट्ट धरतो, सोडतच नाही. कोबाल्ट फार सैल धरतो. मग दोघांचं मिश्रण केलं तर मधलं काही मिळेल का? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये आवर्तसारणीतल्या अशा मधल्या जागेचा हिशेब मांडला, आणि कोबाल्ट-मॉलिब्डेनम नायट्राइड प्रयोगातही खरंच चांगलं निघालं. इथे यंत्राने मिटाशच्या हजारो नळ्यांमधून कोणती आधी उचलायची ते सांगितलं.

२००५ मध्ये नॉर्स्कोव यांच्या गटाने रुथेनियमवर अमोनिया तयार होण्याचा वेग निव्वळ मूळ नियमांतून काढला. प्रयोगातल्या आकड्याशी ताडला तेव्हा तो ३ ते २० पट चुकला होता. तुम्हाला ही चूक मोठी वाटेल. मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा हुरूप आला होता, कारण अशा गणितात हजारपट चूक सहज होते.

सहज का होते, हे सांगायला हवं, कारण कारखान्यातल्या निर्णयांशी याचा थेट संबंध आहे. खोलीच्या तापमानाला, अभिक्रियेला ओलांडाव्या लागणाऱ्या अडथळ्याच्या ऊर्जेत १.४ किलोकॅलरी प्रति मोल एवढी चूक झाली की वेगात दहापट चूक होते. ४ किलोकॅलरी चुकली तर जवळपास ८५० पट. आणि डीएफटीत ४ किलोकॅलरी चुकणं अजिबात विशेष नाही.

एवढंच नव्हे, काही चुका यंत्र वाढवून जातच नाहीत. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडचा रेणू कुठे बसतो? प्रयोग सांगतात, एका अणूच्या डोक्यावर. नेहमीची डीएफटी सांगते, तीन अणूंच्या मधल्या खळग्यात. २००१ मध्ये हे कोडं नाव देऊन मांडलं गेलं. तुम्ही हजारपट मोठं यंत्र लावा, जाळी बारीक करा, उत्तर आणखी पक्कं चुकीचं येतं, कारण दोष पद्धतीत आहे. मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच उदाहरण करायला देते. स्वतःच्या हाताने चुकीचं उत्तर सहा दशांश स्थळांपर्यंत मिळालं की ते कायमचं लक्षात राहतं.

म्हणून आम्ही शक्यतो फरक विचारतो. या मार्गाने की त्या मार्गाने? हा गट जोडला तर की तो? दोन्हीकडे चूक सारखीच होत असेल तर वजाबाकीत ती बरीचशी जाते.

---

भोवरा

मी सीएफडीवाला आहे, म्हणजे प्रवाहाचं गणित करतो. जुनी_भट्टी काकांनी विचारलेला प्रश्न वाचून राहवलं नाही. मिश्रण, तुमचं दुसरं दुखणं बहुधा इलेक्ट्रॉनांचं नाहीच. ते माझ्या खात्यातलं दिसतंय.

असं पाहा. पहिलं अ‍ॅसिलेशन वेगवान, दुसरं त्याहून मंद. सगळं क्षणात मिसळलं तर पहिलंच होईल. पण अ‍ॅसिल क्लोराइडचा थेंब पडतो तिथे क्षणभर त्याची गर्दी होते. त्या गर्दीत ताजा अमीन संपतो आणि नुकतंच तयार झालेलं उत्पादनच पुन्हा त्याच्या तावडीत सापडतं. थेंब विरण्याआधीच अशुद्धी तयार. फ्लास्कमध्ये सगळं द्रव एक-दोन सेकंदांत एकजीव होतं. २००० लिटरमध्ये त्याला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. शितावरून भाताची परीक्षा करायची आपली सवय आहे, पण इथे भांडं बदललं की शितही बदलतं.

उष्णतेचंही तसंच. १ लिटरवरून १०,००० लिटरवर गेलात तर भांड्याची लांबी-रुंदी साधारण साडेएकवीसपट वाढते, आणि दर लिटरमागे थंड करायला मिळणारा पृष्ठभाग तेवढ्याच पटीने घटतो. जॅकेटमधलं (भांड्याभोवतीच्या थंड करणाऱ्या आवरणातलं) तापमान कागदावर तेच दिसतं, थेंब पडतो त्या जागेचं तापमान तेच असेल असं नाही.

आता यात महासंगणक का लागतो ते सांगतो. पाण्यासारख्या द्रवात दर किलोमागे १ वॅट शक्ती ढवळणीतून ओतली, तर सर्वांत लहान भोवरे सुमारे ३० मायक्रॉनचे असतात. केसाच्या जाडीहूनही बारीक. आणि भांडं मीटरभर रुंद. दोन्ही टोकं एकाच गणितात पकडायची म्हटलं तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळीचा आहे ते सांगणारा आकडा) १ लाख असतानाही जाळीचे ठिपके शंभर अब्जांच्या वर जातात, आणि प्रत्येक ठिपक्यावर वेग, दाब, प्रत्येक रसायनाचं प्रमाण. हे पूर्ण गणित मोठ्या रिॲक्टरसाठी कुणी करत नाही. आपण मोठे भोवरे थेट सोडवतो आणि लहानांसाठी मॉडेल बसवतो. लार्ज एडी सिम्युलेशन म्हणतात त्याला. तरीही काही कोटी पेशींची जाळी आणि ढवळणीचे शेकडो फेरे होतातच. वर्कस्टेशनवर हे सुरू करून तुम्ही ऋतू बदललेले पाहाल.

घरगुती वस्तू करणाऱ्या कंपन्या हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. प्रॉक्टर अँड गॅम्बलचं उदाहरण प्रसिद्ध आहे: वेगवान पट्ट्यावरून बटाट्याच्या चकत्या उडून जात होत्या, म्हणून त्यांच्या भोवतीच्या हवेचा प्रवाह संगणकावर सोडवून पाहिला. विमानाच्या पंखाला लागू असलेलंच गणित ते.

पण एक अट. मला दोन्ही अभिक्रियांचे दर-स्थिरांक, म्हणजे त्या किती वेगाने होतात ते सांगणारे आकडे, लागतील. ते नसतील तर माझी रंगीत चित्रं निव्वळ चित्रं राहतील. पूर्वी एका प्रकल्पात मी मापन न करता अंदाजाचे स्थिरांक घालून तीन आठवडे यंत्र चालवलं होतं. उत्तर सुंदर आलं आणि प्लांटमध्ये उलटं घडलं. ती चूक माझी होती आणि ती मला आजही टोचते.

---

मिश्रण

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वरच्या नोझलमधून. पृष्ठभागावर पडतं. वेग ७० आरपीएम. हे मी बॅच रेकॉर्ड उघडून आत्ता पाहिलं. चौदा महिने या अशुद्धीच्या मागे आहोत आणि आमच्यापैकी कुणीही हा रकाना पाहिला नव्हता.

भोवरा, प्रवाहाचाच दोष आहे हे स्वस्तात कसं तपासू?

---

भोवरा

तोच फ्लास्क, तीच कृती. एकदा १५० आरपीएमवर आणि एकदा ६०० वर. शिवाय थेंब एकदा ढवळणीपासून दूर, एकदा तिच्या अगदी जवळ बुडवलेल्या नळीतून. अशुद्धी बदलली तर दोष मिसळण्याचा. बदलली नाही तर मी चुकलो, आणि ताईंकडे जा.

---

रांगेतला_नोड

मी यंत्राच्या बाजूने लिहितो. माझं काम अशी यंत्रणा चालती ठेवणं आणि लोकांचे जॉब रांगेत लावणं.

बाहेर लोक यंत्राचा एकच आकडा ऐकतात. बीएएसएफने २०१७ मध्ये लुडविग्सहाफेनला क्युरिऑसिटी हे यंत्र सुरू केलं, १.७५ पेटाफ्लॉप्सचं. औद्योगिक रासायनिक संशोधनासाठी वापरलं जाणारं त्या वेळचं ते जगातलं सर्वांत मोठं यंत्र होतं. पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला १० चा १५ वा घात एवढ्या गणिती क्रिया. ऐकायला प्रचंड. पण तुमच्या गणिताला त्यातलं किती मिळतं, हा वेगळाच प्रश्न आहे.

फ्रंटिअर हे २०२२ मध्ये एक्झाफ्लॉप्सची (हजार पेटाफ्लॉप्सची) हद्द ओलांडलेलं यंत्र घ्या. लिनपॅक या वेगाच्या नेहमीच्या चाचणीत त्याने १.१ एक्झाफ्लॉप्स दाखवले. एचपीसीजी नावाची दुसरी चाचणी आहे, ती प्रत्यक्ष कामाच्या जास्त जवळची, त्यात आकडे स्मृतीतून सारखे इकडून तिकडे न्यावे लागतात. त्यात तेच यंत्र १४ पेटाफ्लॉप्सवर आलं. सव्वा टक्क्याच्या आसपास. भोवरा यांचं प्रवाहाचं गणित याच दुसऱ्या जातीचं आहे. प्रोसेसर मोकळा बसतो आणि आकड्यांची वाट पाहतो.

दुसरं, नव्याने येणारे सगळे एकच चूक करतात. हजार कोअर (प्रोसेसरचे गणित करणारे भाग) मागतात. अ‍ॅमडालने १९६७ मध्ये मांडलेला हिशेब आहे: कामातला ५ टक्के भाग जर एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग २० पटींपुढे जाणार नाही. ताईंचे ते ६,५६१ आकार असतील तर प्रत्येकाला थोडे कोअर द्या आणि सगळे एकदम सोडा. तिथे यंत्र खऱ्या अर्थाने राबतं. एकाच आकाराला हजार कोअर दिलेत तर बहुतेक वेळ ते एकमेकांशी बोलण्यातच जाईल.

आणि तिसरं, ज्यावर पैसा ओतून उपाय नाही: काळ. रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या गणितात एक पाऊल साधारण १ फेम्टोसेकंदाचं असतं, कारण हायड्रोजन अणूला जोडणारे बंध साधारण १० फेम्टोसेकंदांत एकदा थरथरतात आणि पाऊल त्याहून बरंच लहान हवं. १ सेकंदाची हालचाल पाहायची तर १० चा १५ वा घात इतकी पावलं. पुढचं पाऊल मागचं झाल्याशिवाय टाकता येत नाही. प्रत्येक पाऊल सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकलं तरी ३१,००० वर्षांच्या वर लागतील. प्रोसेसर वाढवून मोठा डबा (जास्त रेणू) पाहता येतो, लांब काळ नाही. एखादं पॉलिमर सेकंदांनी किंवा तासांनी सैलावत असेल तर ते थेट पाहायचं मनात आणू नका, त्यासाठी वेगळ्या युक्त्या आहेत.

आणि कृपया चेकपॉइंट लिहीत जा, म्हणजे झालेलं काम मध्ये मध्ये जतन करत जा. वेळमर्यादेला दोन मिनिटं असताना मेलेला चार दिवसांचा जॉब पाहणं मलाही जड जातं.

---

अर्धायुष्य

मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळं वाचतेय, फार शिकायला मिळतंय. माझी शंका: आता मशीन लर्निंगने हे सगळं काही सेकंदांत होतं असं म्हणतात. मग डीएफटी शिकण्यात वर्षं घालवावीत का?

---

इलेक्ट्रॉनघनता

घालव. का ते सांगते.

२००७ मध्ये बेलर आणि पॅरिनेलो यांनी दाखवलं की अणूंमधल्या बलांचा हिशेब न्यूरल नेटवर्कला शिकवता येतो. डीएफटीच्या जवळपासची अचूकता, खर्च तिच्या तुलनेत नगण्य. महासंगणनातलं २०२० चं गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं ते अशाच पद्धतीने १० कोटी अणूंची हालचाल दाखवणाऱ्या कामाला. हे खरोखर मोठं पाऊल आहे आणि मी स्वतः रोज वापरते.

पण नेटवर्क शिकतं कशावरून? उत्प्रेरकांसाठी २०२० मध्ये खुला झालेला ओसी२० हा संच पाहा, त्यात २६ कोटींहून जास्त डीएफटी गणितं आहेत. ती सगळी कुणीतरी मोठ्या यंत्रांवर चालवली आहेत. म्हणजे महासंगणकाचं काम संपलं नाही, फक्त ते आधी उरकलं गेलं. आणि शिकवणारी डीएफटी जर कार्बन मोनॉक्साइडला खळग्यात बसवत असेल तर शिष्यही तिथेच बसवणार. फक्त जास्त वेगाने. ही चूक ओळखायला तुला गुरू कुठे चुकतो हे माहीत हवं.

---

स्फटिका

औषधनिर्मितीच्या बाजूने माझी भर. इथे महासंगणकाने आमची झोप थोडी तरी परत दिली आहे.

रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास व्हायला लागल्या. रेणू तोच होता, पण तो स्फटिकात वेगळ्या तऱ्हेने रचला जाऊ लागला होता. ही नवी रचना जास्त स्थिर आणि कितीतरी कमी विद्राव्य. एकदा तिचे कण हवेत, उपकरणांवर आले की जुनी रचना तयार करणंच अवघड होऊन बसलं. त्या कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या, रुग्णांना चवीला वाईट असं द्रव औषध घ्यावं लागलं. आयुष्य टिकवणारं औषध होतं ते.

म्हणून आज नवा रेणू आला की आम्ही विचारतो: याच्या आणखी स्थिर रचना कुठे दडून बसल्या आहेत का? लाखो संभाव्य मांडण्या तयार करायच्या, आधी स्वस्त पद्धतीने गाळायच्या, मग उरलेल्या डीएफटीने तोलायच्या. दोन रचनांमधला फरक बऱ्याचदा अर्धा किलोकॅलरीसुद्धा नसतो. रेणूंमधलं क्षीण आकर्षण नीट धरलं नाही तर अख्खी क्रमवारी उलटीपालटी होते. केंब्रिजचं स्फटिक माहिती केंद्र १९९९ पासून अंध चाचण्या घेतं, फक्त रेणूची आकृती देतात आणि स्फटिक ओळखा म्हणतात. २००७ च्या चाचणीत नॉइमान यांच्या गटाने चारही स्फटिक ओळखले तेव्हा आमच्यातल्या संशयी लोकांनीही मान डोलावली.

मर्यादाही सांगते. गणित म्हणतं, "ही रचना असू शकते." ती कोणत्या द्रावकातून, कोणत्या गतीने, कधी उगवेल हे सांगत नाही. कधी कधी यादीत वर असलेली रचना वर्षानुवर्षं कुणालाच करता येत नाही. पण अशी एखादी दडलेली असू शकते हे आधी कळलं तर आपण ती मुद्दाम शोधतो, आणि कारखाना उभा राहण्याआधी शोधतो. मिश्रण, तुमची अशुद्धी स्फटिकीकरणात धुतली जात नाही म्हणालात. ती मूळ स्फटिकात रेणूच्या जागीच शिरून बसते का, हेही एकदा पाहायला हवं. हा खास मोठ्या यंत्राचा प्रश्न आहे.

---

जुनी_भट्टी

हे वाचून मलाही बरंच नवीन कळलं. रिटोनाविरची गोष्ट मी ऐकून होतो, गणित असं करतात हे माहीत नव्हतं.

तरी माझा एक आग्रह राहील. उत्प्रेरक पहिल्या दिवशी कसा वागतो हे तुम्ही काढाल. आठशेव्या दिवशी, त्यावर कोक (कार्बनचा थर) बसल्यावर, गंधकाने निम्म्या जागा मारल्यावर, दोनदा आपत्कालीन बंद पडून तापमान हिंदकळल्यावर तो कसा वागतो? कारखाना चालतो तो त्या आठशेव्या दिवसावर. आमच्यासारख्यांच्या वह्यांत हे लिहिलेलं आहे, आणि त्या वह्या रद्दीत चालल्या आहेत. यंत्राला काही द्यायचंच असेल तर आधी त्या द्या. फसलेल्या बॅचसुद्धा. फसलेल्या तर आधी.

---

इलेक्ट्रॉनघनता

काका, याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त होकार आहे. आमच्याकडे प्रसिद्ध झालेले निकाल असतात, आणि ते जवळपास सगळे जमलेल्या प्रयोगांचे. नेटवर्कला काय जमत नाही हे कधी दिसतच नाही. तुमच्याकडे अशा वह्या असतील तर मी स्वतः बसून त्या आकड्यांत उतरवायला तयार आहे.

---

मिश्रण

तीन आठवड्यांनी परत येतोय. काय झालं ते लिहितो.

द्रावक: कॉस्मो-आरएस आमच्याच एका वर्कस्टेशनवर चालवलं. २१० द्रावकांची क्रमवारी एका रात्रीत आली. वरचे आठ घेतले, त्यातले दोन आधीच वगळावे लागले कारण अ‍ॅसिल क्लोराइडशीच अभिक्रिया करतात. हे त्या पद्धतीला कळणार नव्हतं, आम्हाला कळलं. उरलेल्या सहांपैकी दोन खरंच चांगले निघाले. एकूण अकरा दिवस. महासंगणकाचा एक मिनिटही लागला नाही.

अशुद्धी: भोवरा यांनी सांगितलेला प्रयोग केला. १५० आरपीएमवर १.९ टक्के. ६०० वर ०.५. नळी ढवळणीजवळ बुडवली तेव्हा १५० वरही ०.८. प्रत्येक प्रयोग तीनदा केला, आकडे टिकले. उत्प्रेरक बदलायचा प्रस्ताव मी मागे घेतला आहे.

काका, डिप पाइपचं काम देखभाल विभागाकडे दिलंय. पण २००० लिटरमध्ये नळीचं तोंड नेमकं कुठे ठेवायचं, एक नळी की दोन, आणि ७० आरपीएमवर ते पुरेल की गिअरबॉक्स बदलावा लागेल, हे करून पाहणं परवडणार नाही. प्रत्येक चुकलेली बॅच म्हणजे अख्खा रिॲक्टरभर माल. तर माझ्या कागदावर आता हा प्रश्न लिहिला आहे: नळीच्या सहा जागा, तीन वेग, अठरा गणितं, प्रत्येकात थेंबाभोवती अशुद्धी किती तयार होते. स्फटिका ताईंचा मुद्दा त्याखाली दुसऱ्या क्रमांकावर.

रांगेतला_नोड, एकेका गणिताला किती कोअर मागू ते सांगा. हजार मागत नाही.

भोवरा, दर-स्थिरांकांचं तुमचं म्हणणं लक्षात आहे. पहिली अभिक्रिया हाताने मोजण्याइतकी संथ नाही, म्हणून स्टॉप्ड-फ्लो या अतिवेगवान अभिक्रिया मोजणाऱ्या उपकरणावर वेळ मागितलाय, गुरुवारी मिळतोय. १०, २० आणि ३० अंशांवर मोजतो. आणखी कोणतं तापमान हवं असेल तर बुधवारपर्यंत इथे लिहून ठेवा.

---

भोवरा

थेंब पडतो त्या जागी तापमान वर जातं, म्हणून ४० सुद्धा घ्या. आणि ढवळणीचं ड्रॉइंग पाठवा, पात्यांचा कोन दिसेल असं. जुनं असलं तरी चालेल, पण पाती झिजली असतील तर मोजून आजचं माप द्या.